दोन्हीकडचा शब्द

श्रीरंग मोहरीलने शिक्का शाईच्या गादीवर दोनदा दाबला आणि चौथ्या पानाच्या तळाशी उमटवला : 'अनुवाद मूल के अनुसार है.' त्याच क्षणी गणपत सोनटक्के, ज्याला मरून दहा दिवस झाले होते, ढोंगी ठरला.

पण असे काही झालेच नाही, असे धरून चालू या. जबलपूरच्या त्या दारूगोळा कारखान्यात सगळे असेच धरून चालत. वरून कागद येईपर्यंत कुठलीच गोष्ट झालेली नसे, आणि हा कागद तर अजून वर जायचा होता. शिक्क्याची शाईसुद्धा वाळली नव्हती. श्रीरंगने पान हवेत दोनदा हलवले, गठ्ठ्यात सरकवले आणि डबा उघडला. डब्यात भगर होती. नवरात्र चालू होते.

खोलीत भर दुपारी दिवा लावलेला होता. खिडक्यांच्या काचांवर काळा कागद चिकटवायचा हुकूम लेखी आला होता. युद्ध थांबून आठवडा झाला तरी तो काढायचा हुकूम कोणी लेखी दिला नव्हता. त्यामुळे हिंदी कक्षापुरते युद्ध अजून चालू होते. कक्ष म्हणजे दोन टेबले, एक कपाट, एक शब्दकोश, दुबेजी आणि श्रीरंग. पासष्टच्या जानेवारीपासून सरकारी कागद हिंदीत जायला लागले होते, आणि कारखान्यात वर्धा-भंडाऱ्याकडून आलेली मराठी माणसे इतकी, की त्यांचे बोलणे हिंदीत उतरवून घ्यायला एक मराठी माणूस ठेवावा लागला. तो श्रीरंग. वय सव्वीस. रजेचे अर्ज, बदलीचे अर्ज, शेजाऱ्याच्या बकरीबद्दलच्या तक्रारी हे त्याचे आजवरचे वाङ्मय. मृत्यू त्याच्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता.

गणपत बारूद भरण्याच्या शेडमध्ये प्रेसवर होता. प्रेस म्हणजे गोळ्याच्या पोटात बारूद दाबून बसवणारे यंत्र; दाबताना आत बाहेरचा एक कणही चालत नाही. सप्टेंबर लागला तशी ती प्रेस दिवसरात्र चालली. तिला थांबवणे म्हणजे आघाडीवरची तोफ थांबवणे, असे भिंतीवर लिहिले होते. वीस तारखेला सकाळी सव्वाअकराला ती आपण होऊन थांबली. बाकीचे पाचजण चहाला बाहेर गेले होते. गणपत आत होता. त्याच्यानंतर तीन दिवसांनी युद्धही थांबले. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता.

चौकशीला बाहेरून तीन अधिकारी आले. त्यांनी प्रेसचे उरलेले तुकडे पाहिले, मग माणसांना बोलावले. सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार पुंडलिक ठवकर. त्याच प्रेसवरचा जुना माणूस, गणपतला गावाहून आणून कारखान्यात चिकटवणारा, आणि त्याच्या लग्नात नवऱ्या मुलाकडून मिरवलेला. पुंडलिक टोपी हातात धरून उभा होता. श्रीरंग कोपऱ्यात लेखणी घेऊन बसला होता.

"मृतक सुरक्षा के नियम पालता था?" अध्यक्षांनी विचारले.

पुंडलिकने टोपी हातात एकदा फिरवली. मग मराठीत म्हणाला, "सगळे नियम पाळे, साहेब. पण माणूस पाखंडी होता."

श्रीरंगने लिहिले : 'सब नियम पालता था, साहब. पर आदमी पाखंडी था.'

इतका सरळ अनुवाद त्याच्या हातून कधी झाला नव्हता. एरवी एकेका शब्दासाठी कपाटापर्यंत जावे लागे. इथे शब्द नुसता उचलायचा आणि उंबऱ्यापलीकडे ठेवायचा. तो स्वतःवर थोडा खूशही झाला, आणि आपण कशाबद्दल खूश झालो हे लक्षात येऊन त्याने लेखणीचे टोक उगाच पुसले.

पुंडलिक काय म्हणतोय हे त्याला कळले होते. अख्ख्या कारखान्याला कळले असते. सतरा तारखेला विश्वकर्म्याची पूजा झाली. शेडमध्ये काडी पेटवायची बंदी, म्हणून नारळ-उदबत्ती बाहेरच्या व्हरांड्यात. पण कोणीतरी आत जाऊन प्रेसला कुंकवाचे बोट लावून आले होते, वर चार अक्षता. गणपतने फडके घेतले आणि पाचजणांच्या देखत ते पुसून काढले. "हिले कुंकू नाही लागत," तो म्हणाला, "हिले साफ ठेवा लागते." नाव गणपत, पण गणपतीलाही त्याने कधी हात जोडले नव्हते. त्याच्यासाठी देव म्हणजे भिंतीवरचा नियमांचा तक्ता. तो मात्र त्याला क्रमवार पाठ होता. त्या दिवसापासून पाचही जण त्याला पाखंडी म्हणत. तो हसून ओ देई.

तेव्हा शिक्का मारताना श्रीरंगच्या मनात काही नव्हते. शब्द मुळात होता. शब्द अनुवादात होता. मोजणी बरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गढा वस्तीतल्या दोन खोल्यांत त्याची आई राधाबाई देवीचा नैवेद्य वाटीत काढत होती. श्रीरंगला उशीर झाला होता. त्याने उभ्याउभ्याच वाटीतला शिरा दोन बोटांनी उचलला.

"पाखंडी मेला!" राधाबाई ओरडली. "देवीच्या आंधी स्वतःच गिळून राहिला! काहून रे, एक मिन्ट दम नाही निघत?"

धाकटी बहीण बेबी वेणी घालत होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि मराठी फक्त आईशी, तीही अर्धी, बोलत असे. ती खुदकन हसली.

"आई, पाखंडी कैसे? दादा तो सामने खा रहा है. पाखंडी असता तर आधी हात जोडले असते, डोळे बंद केले असते, और फिर चुपके से खाल्ला असता."

"त्याले ढोंगी म्हणतात."

"वही तो. पाखंडी म्हणजे ढोंगी. अंदर एक, बाहर एक."

"अगं ढोंगी निराळा, पाखंडी निराळा," राधाबाई म्हणाली. "ज्याले देवाधर्माची चाडच नाही, तो पाखंडी. तो बिचारा ढोंग कशाले करन?"

"तुमच्या मराठीत असेल बाबा."

"अन् तुझी कोणची?"

श्रीरंगच्या बोटांतला शिरा तोंडापर्यंत आलाच नाही. त्याने तो परत वाटीत ठेवला. ते जास्तच वाईट झाले. हातातला घास परत ठेवल्याने वाटी बाटली, आणि राधाबाईने कपाळावर हात मारून नवा रवा भाजायला घेतला. त्याला ते दिसत नव्हते. तो मनात कालचे वाक्य वाचत होता, पहिल्यांदाच हिंदीत. सब नियम पालता था. पर आदमी पाखंडी था. सगळे नियम पाळायचा, पण दाखवण्यापुरते. माणूस अंदर एक, बाहर एक.

"दादा, क्या हुआ?"

"काही नाही," तो म्हणाला आणि सायकल काढली.

दुबेजी पेन्सिलींना टोक करत होते. रोज सकाळी ते सहा पेन्सिलींना टोक करत आणि दिवसभर पेनाने लिहीत.

"दुबेजी, एक शब्द गलत हो गया. सोनटक्केवाले बयान में."

"आपने क्या लिखा?"

"पाखंडी."

"मूल में क्या था?"

"पाखंडी."

दुबेजींनी पेन्सिल खाली ठेवली आणि श्रीरंगकडे, ताप आलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. "तो गलत क्या हुआ, मोहरीलजी?"

श्रीरंगने सांगितले. सांगताना त्याचे त्यालाच ते खोटे वाटू लागले. दुबेजी मात्र उठले, कपाटातून शब्दकोश काढला, धूळ झटकली, आणि बोटाने ओळ शोधली.

"देखिए. पहला अर्थ, वेदविरुद्ध आचरण करनेवाला. दूसरा, ढोंगी, कपटी. आपका मतलब तो हमारे कोश में पहले नंबर पर बैठा है."

"मग समितीने तोच वाचला असेल?"

"पहला अर्थ कोश में रहता है," दुबेजी म्हणाले. "बाज़ार में दूसरा चलता है." त्यांनी कोश मिटला. "मैंने रिपोर्ट देखी है. आपको दिखाना मना है. पर समझ लीजिए, उस एक शब्द पर पूरा आधा पन्ना है."

"समितीला कळवू या."

"समिति कल पाँच बजे भंग हो गई. अध्यक्ष गाड़ी पकड़ चुके. जो समिति है ही नहीं, वो पढ़ेगी क्या, और सुधारेगी क्या?" त्यांनी कोश कपाटात ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बैठिए. पानी पीजिए. ऐसा कीजिए, उस पुंडलिक से नया बयान लाइए. लिखित. कि उसका मतलब वो नहीं था. मैं फाइल में नत्थी कर दूँगा. कोई पढ़े न पढ़े, रहेगा तो सही."

म्हणजे मार्ग होता. अडीच ओळींचा. श्रीरंगने त्या मनात लिहूनही टाकल्या. दुपारपर्यंत तो बरा होता.

दुपारी फाटकावरच्या शिपायाने निरोप आणला, एक बाई आली आहे, मराठी वाचणाऱ्या बाबूला भेटायचे म्हणते. गणपतची बायको सत्यवती फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली उभी होती. हातात एक लिफाफा, उघडलेला. कारखान्याचा कागद आयुष्यात पहिल्यांदाच एका दिवसात पोचला होता.

"भाऊ, हिंदी मले वाचता येते," ती म्हणाली. "पण हे वाचूनही समजून नाही राहिलं."

श्रीरंगने वाचले. मृताकडून सुरक्षा-नियमांचे पालन हा केवळ दिखावा होता, असे साक्षीवरून दिसते. अपघात त्याच्याच निष्काळजीपणाने झाला. सबब पत्नीस शिवण खात्यात घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. क्वार्टर पंधरा दिवसांत रिकामे करावे.

"दिखावा म्हणजे?" तिने विचारले.

आता तो अनुवादक होता. "दाखवण्यापुरतं," तो म्हणाला.

"कोणाले दाखवण्यापुरतं?"

श्रीरंगने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"भाऊ, लग्नातली अंगठी त्यांनी कधी घातली नाही," सत्यवती म्हणाली. ती रडत नव्हती. एखादा हिशेब जुळत नसल्यासारखी बोलत होती. "घातली, आन एखांद्या दिवशी काढाची राहून गेली तं? म्हणून पेटीत. घरी आले का आंधी नखं पाहत, बारूद राहिली का म्हणून. मंग मुलीले हात लावत. घरात कोण साहेब होता? आमी किती भांडलो त्यांच्याशी. कुंकवावरून, पूजेवरून. मी म्हणे, दुनिया हात जोडते, तुमचे काय हात झिजतात? म्हणत, मले जे नाही वाटत ते मी करून नाही दाखवणार." ती थांबली. "हेच म्हणत, भाऊ. करून नाही दाखवणार."

"मी बघतो, वहिनी."

"तुमच्यानं होईन?"

"एका शब्दाची चूक आहे," श्रीरंग म्हणाला. "ती दुरुस्त झाली की होईल."

"कोणाची चूक?"

"भाषेची," तो म्हणाला, आणि पत्र उतरवून घेण्यासाठी मागून घेतले. फाटकातून आत जाताना त्याने मागे पाहिले नाही.

पाळी सुटल्यावर तो पुंडलिकच्या क्वार्टरवर गेला. ऊन अजून छपरांवर होते. दार पुंडलिकनेच उघडले, आणि श्रीरंगला क्षणभर चुकीच्या घरी आल्यासारखे वाटले. पुंडलिकचे डोके तुळतुळीत होते. मिशाही नव्हत्या.

"नर्मदेवर, ग्वारीघाटाले जाऊन आलो," पुंडलिक म्हणाला. "दहावा केला त्याचा. त्याले पोरगा नाही."

"पण गणपतभाऊंनी तर सांगून ठेवलं होतं म्हणे, काही करू नका."

"त्यानं सांगतलं होतं," पुंडलिक म्हणाला. "या, बसा."

घरात तो एकटाच होता. बायको वारून बरीच वर्षे झाली होती. त्याने लोट्यात पाणी आणून दिले. श्रीरंग पाणी प्याला, त्याने खिशातून कोरा कागद काढला, आणि समजावायला सुरुवात केली. नीट, पायरीपायरीने. शब्द एकच असतो पण गावोगाव त्याचा अर्थ बदलतो. आपल्याकडे पाखंडी म्हणजे जो देवाला मानत नाही तो. इकडे पाखंडी म्हणजे जो मानल्याचे सोंग करतो तो. म्हणजे बघा काका, नेमका उलटा माणूस. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ तर नुसता पंथ असा होता, त्यात वाईट काहीच नव्हते. श्रीरंग बोलता बोलता अशोकाच्या काळापर्यंत गेला आणि परत आला. पुंडलिक मान हलवत ऐकत होता, दुसऱ्याच्या पोराने पाठ केलेले ऐकावे तसा.

"तेव्हा एवढंच लिहायचं," श्रीरंग म्हणाला, "की माझा अर्थ तो नव्हता. खाली अंगठा नको, सही करा."

"बाबू, मी जबलपुरात कधी आलो मालूम हाये?"

"नाही."

"एकोणचाळीस साली. मोठी लढाई लागली तवा. सव्वीस वर्सं झाले." पुंडलिकने रिकामा लोटा आपल्याकडे ओढला. "हिंदी मले तुमच्यावाणी लिहिता नाही येत. शिव्या समजतात."

बाहेर कोणीतरी पंपाला हात मारत होते. दांडा वरखाली होत होता आणि पाणी येत नव्हते.

श्रीरंगने कागदाची घडी घातली, उलगडली. "म्हणजे तुम्हाला..."

"तुमी काहून आले ते सांगा आंधी. नुस्त्या शब्दासाठी कोणी गढ्याचा रस्ता सोडून इकडं येत नाही."

श्रीरंगने खिशातले पत्र काढले आणि वाचून दाखवले. पुंडलिकने पहिल्या तीन वाक्यांना काही केले नाही. चौथ्याला मान वर केली.

"क्वार्टर?"

"पंधरा दिवसांत."

"आन शिवणातली जागा?"

"नाही म्हणाले."

"क्वार्टर काहून?" पुंडलिकने पुन्हा विचारले, जसे पहिल्यांदा उत्तर मिळालेच नव्हते. त्याचा हात डोक्यावर गेला, केस नाहीत हे बोटांना कळले, आणि हात तिथेच राहिला. "मेलेल्या माणसाचं आखीन काय बिघडन, असं वाटलं होतं मले."

तो उठला नाही, जवळ सरकला नाही. बसल्या जागेवरून, पाळीचा अहवाल द्यावा तसा बोलला.

"सत्राले त्यानं कुंकू पुसलं. मीच लावलं होतं ते. त्याले माहीत नव्हतं. मले झोप नाही लागली. लढाई चालू, मशीन दिवसरात चालू, आन तिच्यावर देवाचं बोट नाही. अठराले मी त्याच्या आंधी आत गेलो. टोपीत कागदाची पुडी. फाटकावरचा माझी टोपी तपासत नाही, जुना माणूस म्हणून. प्रेसच्या मागच्या अंगाले, त्याच्या नजरेत येनार नाही अशा जागी पुन्हा लावलं. वर चार अक्षता. त्याच्याचसाठी बाबू. त्याले मानाचं नव्हतं, मंग त्याच्या वाटचं कोणीतरी मानाले पाहिजे का नाही?"

श्रीरंगने पत्राची घडी करून खिशात ठेवली.

"एकोणीसले पाह्यलं," पुंडलिक म्हणाला, "तं तीनच होत्या."

पंपाचा आवाज बंद झाला होता.

"चौथी कुठं गेली?"

"पडली असन. झाडूनं गेली असन. मी सोताले हेच सांगतलं. वीस तारखेले सकाळपासून प्रेस खरखर करे. मी ऐकलं. त्यानंही ऐकलं. चहाची वेळ झाली, तं मले म्हणे, काका तुमी चला, मी पाहून येतो हे काय वाजून राहिलं."

"तुम्ही सांगितलं नाही."

"सांगतलं असतं तं विचारलं असतं, कोणं लावलं." पुंडलिकने लोटा जमिनीवर सरळ ठेवला, मग थोडा फिरवला. "त्याच्यासमोर मान खाली घालाची लाज वाटली. दोन मिन्टाची लाज. चहा पिऊन येतो आन सांगतो, असं ठरवून मी चाललो होतो. कप हातात होता."

श्रीरंगने पाहिले, पुंडलिक आपल्या हाताकडे पाहत होता.

"मंग साहेबानं विचारलं, नियम पाळे का. खोटं बोलाले जीभ नाही उठली. खरं बोललो असतो, तं मंग कोणं नाही पाळले हे निघालं असतं. तवा हा शब्द आठवला. मराठीत मी खरंच बोललो, बाबू. खोटं तुमच्या हातून होईन, हे मालूम होतं."

सकाळपासून श्रीरंग स्वतःला आळशी समजला होता, मग मूर्ख. आता कळले की तो फक्त हत्यार होता, आणि हत्यार म्हणून त्याने काम चोख बजावले होते. तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. त्याला जायला जागा नव्हती. खोली आठ पावलांची होती.

"काका, अडीच ओळी लिहू," तो म्हणाला. "माझा अर्थ तो नव्हता, एवढंच. अक्षतांचं कोणाला कळायचं कारण नाही. वहिनींचं काम होईल."

"होईन?"

श्रीरंगने विचार केला. "दुबेजी म्हणाले, नत्थी करतील."

"आन वरचा साहेब म्हणन, याचा अर्थ तो नव्हता, तं मंग स्फोट झाला कशानं. मंग?"

"मग काही नाही. मग ते काहीतरी दुसरं लिहितील."

"गणपतच्याच नावावर."

श्रीरंगने मान हलवली.

"लिहा," पुंडलिक म्हणाला. "सगळं लिहा."

"लढाईच्या दिवसांत बारूदखान्यात बाहेरची वस्तू नेली, काका. याला घातपात म्हणतात."

"कोणत्या भाषेत?"

"दोन्ही."

"बरं झालं," पुंडलिक म्हणाला. "तुमाले अनुवाद करा नाही लागणार."

तो हसला नाही, आणि श्रीरंगलाही हसू आले नाही. पुंडलिकने भिंतीला टेकवलेला पाट पुढे ओढून दिला, टेबल म्हणून. ऊन छपरावरून उतरले होते, तरी अक्षर दिसण्याइतका उजेड होता. श्रीरंगने समासाची घडी पाडली. एकदा त्याने लेखणी उचलून धरली, पुंडलिकचे मन बदलते का ते पाहण्यासाठी. पुंडलिक वाट पाहत होता, पाळीची घंटा व्हायची असावी तसा. मग तो सांगत गेला आणि श्रीरंग लिहीत गेला. तारखा, पुडी, टोपी, चार आणि तीन. कुठे शब्द अडला तर पुंडलिक थांबे आणि दुसरा देई, आणि तो दर वेळी जास्त साधा असे. सत्यवतीबाईंच्या क्वार्टरचे त्याने तीनदा लिहायला लावले. अर्ज कोणाच्या नावे करायचा, हे विचारल्यावर म्हणाला, ज्यायनं विचारलं होतं त्यायच्याच नावे. समिती आता नाही, हे श्रीरंगने सांगितले. नसन, पण प्रश्न तिचा होता, पुंडलिक म्हणाला.

शेवटचा परिच्छेद कोणी सांगितला आणि कोणी लिहिला, हे दोघांनाही नंतर सांगता आले नसते. सही पुंडलिकची होती. ती हलली नव्हती.

'...तरी मा. अध्यक्ष, चौकशी समिती (विसर्जित) यांना नम्र विनंती की, समितीने कृपा करून पुन्हा अस्तित्वात यावे. सदर साक्षीतील "पाखंडी" हा शब्द मयत गणपत सोनटक्के यांच्यापुरता मराठीत वाचण्यात यावा. तोच शब्द अर्जदार पुंडलिक ठवकर याचे नावापुढे नव्याने लिहून घेऊन तेथे हिंदीत वाचण्यात यावा. मयताचे पत्नीस राहत्या क्वार्टरमधून न काढता शिवण खात्यात रुजू करून घ्यावे. आणि याप्रमाणे दुरुस्ती झाल्याचे पत्र, एक प्रत मराठीत, मयतास त्याच्या हयातीतील तारखेने पोचते करावे, ही विनंती.'